खड्ड्यातल्यांचं कोण?

२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. ही माझ्या धाकट्या भावाची नात, म्हणजे माझीही नातच. इंग्लंडमध्ये असते आणि तिथे पुरातत्त्वाची कामं करते. "आर्किऑलॉजिस्ट" म्हटलं की आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला, हातात भिंग घेतलेला कुणीतरी विद्वान येतो. प्रत्यक्षात ही पोर रोज सकाळी सातला हेल्मेट, पिवळं जाकीट आणि लोखंडी टोकाचे बूट घालून चिखलात उतरते, आणि टिकाव, फावडं नि ट्रॉवेल चालवते. (ट्रॉवेल म्हणजे आपल्या गवंड्याची करणी असते ना, तसंच छोटं हत्यार.) तिच्या आईनं हे फोटो कधीच कुणाला दाखवले नाहीत. लग्नाच्या स्थळांना तर नाहीच नाही.

नेहमी "आबा, गुडघे कसे आहेत?" असं ती विचारते आणि मी तिला "तुझे कसे आहेत?" असं विचारतो. आमचा हा जुना विनोद आहे, कारण पंचाहत्तराव्या वर्षी माझे जेवढे दुखतात तेवढेच तिचे तिसाव्या वर्षी दुखतात. त्या दिवशी तिनं गुडघ्यांचं विचारलं नाही. म्हणाली, "आबा, काम संपतंय. कंपनीनं पत्र दिलंय. आठवड्याची नोटीस आहे."

मग जरा थांबून म्हणाली, "आणि दोन वर्गण्या भरायच्यात. एकच परवडेल. कुठली भरू?"

मला आधी कळेचना. नोकरी जातेय आणि ही पोरगी वर्गणीचं काय विचारतेय! पण ऐकत गेलो तसा प्रश्न पटत गेला. मग तिनं पाठवलेले कागद मी आठवडाभर वीरकरांची डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. मी मराठी माध्यमाचा बी.ए., इतिहासाचा मास्तर. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. त्यातून जे समजलं आणि त्यावरून मला माझं जे जुनं आठवलं, ते आज लिहितो आहे. आमच्या घरातले वाचणारे आहेत, त्यांना नात काय करते हेही एकदा कळेल.

आधी तिथली पद्धत सांगतो, कारण आपल्याकडे तसं काहीच नाही. लंडनमध्ये १९८९ साली एका इमारतीचा पाया खणताना शेक्सपिअरच्या काळातल्या 'रोझ' नाट्यगृहाचे अवशेष सापडले. बिल्डरला काम पुढे रेटायचं होतं. तेव्हा नटनट्या, अभ्यासक, सामान्य माणसं सगळी रस्त्यावर आली. सरकारची पंचाईत झाली. पुढच्याच वर्षी, १९९०च्या नोव्हेंबरात, 'पीपीजी १६' या नावानं एक मार्गदर्शक सूचना निघाली. तिचा सारांश असा की जमिनीखाली काही जुनं असण्याची शक्यता असेल तर बांधकामाची परवानगी देताना त्याचा विचार व्हायला हवा, आणि ते नष्ट होणारच असेल तर त्याआधी उत्खनन करून नोंद करण्याचा खर्च बांधणाऱ्यानं उचलायचा. पुढे त्या सूचनेची नावं बदलली, पण तत्त्व तेच राहिलं.

वाचून मी म्हटलं, वा! आपल्याकडे असं असतं तर! पण नात म्हणाली, "आबा, पुढचं वाचा."

पुढचं असं आहे. बांधणारा पैसे देणार म्हटल्यावर तो टेंडर काढणार. टेंडर आलं की जो स्वस्तात करील त्याला काम. उत्खनन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्यात चढाओढ लागली, आणि चढाओढीत कमी काय करायचं? यंत्राचं भाडं कमी होत नाही, डिझेल स्वस्त होत नाही. मग खणणाऱ्याचा पगार कमी ठेवायचा आणि त्याला तीन महिन्यांच्या, सहा महिन्यांच्या करारावर घ्यायचं. आज या परगण्यात, उद्या त्या परगण्यात. राहायला कुठल्यातरी स्वस्त लॉजमध्ये दोघांत एक खोली. पदवी सगळ्यांकडे, कित्येकांकडे तर एम.ए.सुद्धा. २००९ साली पॉल एव्हरिल नावाच्या अभ्यासकानं या लोकांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच या खणणाऱ्यांना 'अदृश्य' म्हटलं आहे. बांधकामं वाढली की यांना बोलावणं येतं, मंदी आली की हेच आधी घरी. २००७-०८च्या गणतीत ब्रिटनमध्ये ६,८६५ पुरातत्त्वज्ञ कामावर होते, पाच वर्षांनी ४,७९२ उरले. मधे ती जागतिक मंदी येऊन गेली होती. पुढे 'एचएस-टू' या वेगवान रेल्वेचं मोठं काम निघालं, साठावर ठिकाणी उत्खननं, हजारावर पुरातत्त्वज्ञ. तेव्हा माणसं मिळेनात. २०१९ साली तर इंग्लंडच्या सरकारनं पुरातत्त्वज्ञांना 'माणसं कमी पडणाऱ्या' व्यवसायांच्या यादीत घातलं. आमची नात २०२१ साली तिकडे शिकायला गेली, ती याच भरवशावर.

आता वर्गण्यांकडे येतो.

पहिली वर्गणी तिथल्या पुरातत्त्वज्ञांच्या व्यावसायिक संस्थेची. ती १९८२ साली स्थापन झाली तेव्हा तिचं नाव होतं 'इन्स्टिट्यूट ऑफ फील्ड आर्किऑलॉजिस्ट्स'. २००८ साली नावातला 'फील्ड' गळाला आणि 'ऑफ'चं 'फॉर' झालं. २०१४ साली राजसनद मिळाली, म्हणून आता 'चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स'. मी आयुष्यभर मुलांना विभक्तिप्रत्यय शिकवले, त्यामुळे माझं लक्ष आधी तिथेच गेलं. 'पुरातत्त्वज्ञांची संस्था' होती, ती 'पुरातत्त्वज्ञांसाठी संस्था' झाली. 'ची' आणि 'साठी' यांत फरक असतो. आणि शेतात उभं राहून खणणाऱ्याचा निर्देश करणारा जो एक शब्द होता तोच गेला. त्यामागे त्यांची कारणं असतील. संग्रहालयांत, नियोजन खात्यांत, विद्यापीठांत काम करणाऱ्यांनाही सामावून घ्यायचं असेल. पण मला तो शब्द गेलेला रुचला नाही.

ही संस्था आचारसंहिता ठरवते. उत्खनन कसं करावं, नोंदी कशा ठेवाव्यात, अहवाल कसा द्यावा याचे दर्जे ठरवते. सभासदांच्या तीन पायऱ्या आहेत, कामाचे नमुने दाखवून एकेक पायरी चढायची. कंपन्यांनाही नोंदणी मिळते, त्यासाठी तपासणी होते. किमान पगार किती असावा याची शिफारसही ती दरवर्षी करते. हे सगळं वाचताना मला बरं वाटत होतं. कुणीतरी म्हणतंय की हे काम म्हणजे मजुरी नाही, व्यवसाय आहे.

पण एक गोष्ट मला पुन्हापुन्हा वाचावी लागली. पगाराची शिफारस ही शिफारसच आहे, कायदा नाही. आणि संस्थेचे सभासद जसे खणणारे आहेत तसे कंपन्यांचे मालक-व्यवस्थापकही आहेत. कंपन्या स्वतःही नोंदणीची फी भरतात. सनदेनुसार संस्थेनं लोकहित बघायचं असतं, म्हणजे पुरातत्त्वाचं हित, समाजाचं हित. चांगलंच आहे. पण मालकानं नोटीस चुकीची दिली तर संस्था कुणाच्या बाजूनं उभी राहणार? ती कुणाच्याच बाजूनं उभी राहू शकत नाही. तिचं ते कामच नाही. त्यातून, सभासद झाल्याशिवाय इंग्लंडमध्ये उत्खनन करता येत नाही असंही नाही. डॉक्टरला नोंदणीशिवाय दवाखाना थाटता येत नाही, तसं इथे नाही. मग तीन महिन्यांच्या करारावरचा पोरगा म्हणतो, मी वर्गणी कशाला भरू? तो भरत नाही, म्हणून संस्थेत त्याचा आवाज कमी. आवाज कमी, म्हणून त्याच्या गरजा मागे. आणि त्या मागे पडतात म्हणून तो भरत नाही. हे रहाटगाडगं कुठून थांबवायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

दुसरी वर्गणी युनियनची. 'प्रॉस्पेक्ट' नावाची मोठी कामगार संघटना आहे, तिच्यात पुरातत्त्वज्ञांचा गट आहे. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत चहा पिताना एका जुन्या सहकारी बाईंनी नातीला वर्षभरापूर्वी सभासद करून घेतलं होतं.

हे वाचता वाचता मला माझं १९८३ साल आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते विसरलोच नव्हतो. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

आमच्या तालुक्यात तेव्हा विषयशिक्षकांचं एक मंडळ होतं. इतिहासाचे मास्तर एकत्र जमायचे, नकाशे कसे वापरावेत, सनावळ्या पाठ करून न घेता इतिहास कसा शिकवावा यावर चर्चा व्हायच्या. वर्षातून एकदा दोन दिवसांचं शिबिर. मी त्या मंडळाचा चिटणीस होतो. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. लेटरहेड होतं, शिक्का होता, आणि पावतीपुस्तक माझ्याकडे असायचं.

शेजारच्या गावातल्या एका शाळेत आमच्याच मंडळाचा एक सभासद मास्तर होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान, फार तळमळीनं शिकवणारा. संस्थाचालकांशी त्याचं काही बिनसलं आणि त्यांनी त्याला सेवेतून कमी केल्याचं पत्र दिलं. तो सायकलवरून माझ्याकडे आला. मंडळाचा चिटणीस म्हणून आला. म्हणाला, "सर, मंडळानं काहीतरी करावं. एक पत्र तरी द्यावं."

मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "हा आपला विषय नाही. आपण शैक्षणिक मंडळ आहोत. यात पडलो तर संस्थाचालक पुढच्या शिबिराला हॉल देणार नाहीत." आणि मी... मला ते पटलं. निदान पटवून घेतलं. त्याला निरोप दिला की विचार चालू आहे. त्याच महिन्यात शिबिरात मी 'नकाशावाचन' या विषयावर निबंध वाचला. तो मास्तर मागच्या बाकावर बसून ऐकत होता. शेवटी टाळ्याही वाजवल्या त्यानं.

आता हे ठाऊक असलेले कमी उरले आहेत, म्हणून सांगतो. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला आणि १९८१च्या जुलैपासून लागू झाला. त्याआधी खाजगी शाळेतल्या मास्तरची नोकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर असायची. या कायद्यानं शाळा न्यायाधिकरण आलं. काढून टाकलेल्या शिक्षकाला तिथे अपील करता येऊ लागलं. पण मुदत तीस दिवसांची. हा कायदा आभाळातून पडला नव्हता. वर्षानुवर्षं मोर्चे काढणाऱ्या, वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या शिक्षक संघटनांनी तो मागून मागून घेतला होता. आमच्या मंडळाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. आम्ही नकाशे वाचत होतो.

पंचविसाव्या दिवशी माझ्या बायकोनं विचारलं, "त्या सरांचं काय झालं हो?" मी म्हटलं, "मंडळ बघतंय." ती म्हणाली, "मंडळ काय बघणार? तुम्ही बघा की." ती शिकलेली सातवीपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी त्याला एसटीनं जिल्ह्याच्या गावी शिक्षक संघटनेच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथे एक खोकणारे, धोतरातले गृहस्थ बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, तारीख बघितली, आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघून विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

अपील मुदतीत गेलं. निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण चार वर्षांनी. तोवर तो शिकवण्या घेत होता आणि बायकोच्या माहेरची शेती बघत होता. परत रुजू झाला. माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलला. मात्र मंडळाची वर्गणी त्यानं पुन्हा कधी भरली नाही, आणि मीही मागायला गेलो नाही.

असो. तर नातीला मी हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आबा, मला तीस नाही, साठ दिवस आहेत."

ते साठ दिवस असे. तिचा व्हिसा कंपनीनं पुरस्कृत केलेला. कंपनीतली नोकरी गेली की दुसरा पुरस्कर्ता शोधायला साधारण साठ दिवसांची मुदत मिळते, नाहीतर सामान बांधून परत. आणि दुसरी कंपनी अशी हवी की जिच्याकडे परदेशी माणूस ठेवण्याचा परवाना आहे आणि जी सरकारनं ठरवलेल्या आकड्याइतका पगार देईल. २०२४च्या एप्रिलमध्ये ती सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० झाली. साध्या खणणाऱ्याला एवढा पगार मिळत नाही. पुरातत्त्वज्ञ सवलतीच्या यादीत होते म्हणून त्यांना ३०,९६०चा आकडा लागला, आणि हिला सुपरवायझर केलं होतं म्हणून तो कसाबसा जमला होता. (२०२५च्या जुलैत मर्यादा आणखी चढली, पण तोवर आमचं प्रकरण निपटलं होतं.)

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. पुरातत्त्वज्ञ त्या यादीत आले ते आपोआप नाही. व्यवसायाच्या संस्थांनी सरकारपुढे आकडे मांडले, बाजू मांडली. म्हणजे ज्या संस्थेला मी आठवडाभर मनातल्या मनात बोल लावत होतो, तिनं आणि तिच्यासारख्यांनी केलेल्या कागदी कामामुळेच नात तिथे टिकली होती. युनियन एकेका माणसाचं पत्र वाचते. पण अख्ख्या व्यवसायाला सरकारदरबारी नाव असणं हेही कुणीतरी करावंच लागतं. आमच्या मंडळाला मी एवढं नावं ठेवतो, पण नकाशा वाचायला शिकलेली मुलंही खोटी नव्हतीच.

आपल्याकडे तर या दोन्ही गोष्टी नाहीत. मी इनामगाव पाहिलं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असे बारा हंगाम तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी माणसं. ताम्रपाषाण युगातली, इसवी सनापूर्वी १६०० ते ७००च्या दरम्यानची वस्ती. शंभरावर घरं सापडली, पाण्याचा पाट आणि बांध सापडला. १९७५च्या जानेवारीत मी नववीचा वर्ग घेऊन एसटीनं तिथे गेलो होतो. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन रांजण, आणि त्यात लहान मुलाचा पुरलेला सांगाडा. वर्गातल्या मुली गप्प झाल्या. एक मुलगा म्हणाला, "सर, घरातच का पुरलं?" खड्ड्यात बसलेल्या, जेमतेम पंचविशीच्या तरुणानं वर बघून उत्तर दिलं, "आईजवळ राहावं म्हणून असेल. पण हे मातीतून सिद्ध होत नाही." एवढं चांगलं उत्तर मला पुढे तीस वर्षांत मुलांना देता आलं नाही.

त्याच खड्ड्यात गावातली एक बाई घमेल्यात माती भरत होती. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "दादा, हितं माती येगळी लागतीया." त्या तरुणानं लगेच सगळ्यांचे हात थांबवले. थर बदलला होता आणि तो आधी त्या बाईच्या खुरप्याला कळला होता. पांढरीच्या मातीत जन्म गेलेली बाई ती. उत्खननाच्या अहवालात थराचा नंबर असतो, खापरांची चित्रं असतात. तिचं नाव असण्याचं कारण नाही, म्हणतील.

तो तरुण मला पुढे भेटला. १९८८-८९ असेल, एका बँकेत ड्राफ्ट काढायला गेलो होतो, काउंटरमागे तोच. मी ओळख दिली. हसला. म्हणाला, "सर, शिष्यवृत्ती संपली, जागा निघेना. वडील म्हणाले बँकेची परीक्षा दे." टेबलाच्या काचेखाली त्यानं एक रंगीत खापराचा फोटो ठेवला होता. लाल खापरावर काळी नक्षी, जोर्वे पद्धतीची.

आपल्याकडेही संस्था आहेत. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी १९६७ची, तिचं 'पुरातत्त्व' हे नियतकालिक. पुण्यात 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट' काढणारी प्रागितिहासाच्या अभ्यासकांची संस्था. दरवर्षी संयुक्त परिषद भरते, निबंध वाचले जातात. मोठ्या माणसांनी मोठं काम केलं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या विद्वत्सभा आहेत. तरुणाला जागा का निघत नाही, कंत्राटावरच्या मुलीला साइटवर स्वच्छतागृह आहे का, घमेलं उचलणाऱ्या बाईला साप चावला तर काय, हे त्यांचे विषय नाहीत. 'हा आपला विषय नाही' हे वाक्य मी स्वतः एकदा पटवून घेतलेलं असल्यामुळे मला ते लांबूनही ओळखू येतं. उत्खननाचा परवाना इथे सरकारी पुरातत्त्व खातं देतं, आणि तो संस्थांना, विद्यापीठांना मिळतो. बांधणाऱ्यानं पैसे द्यायचे असा दंडक नाही. त्यामुळे खणण्याच्या नोकऱ्याच मोजक्या, मग खणणाऱ्यांची संघटना तरी कुठून येणार?

गंमत अशी की या दोन देशांचा खड्डा एकच आहे. सांकलिया लंडनला शिकत असताना व्हीलरच्या मेडन कॅसलच्या उत्खननात शिकले. पुढे तोच व्हीलर इकडे पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होऊन आला आणि १९४४ साली तक्षशिलेला त्यानं आपल्या मुलांना चौरस खड्डे कसे घ्यायचे, थर कसे वाचायचे ते शिकवलं. नात म्हणते, तिकडच्या साइटवर खड्ड्याची भिंत तासून ओळंब्यात उभी केली की तिला पुण्यातले मास्तर आठवतात. पद्धत सगळीकडे पोचली. खणणाऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी मात्र कुठे पोचली नाही. इनामगावच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवर आणि हाडांवर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले आहेत. त्यांना बाहेर काढणाऱ्यांच्या हाडांवर कोण लिहिणार, असं मी तिला गमतीनं म्हटलं, तर ती हसली नाही.

मग काय झालं ते सांगतो. युनियनच्या माणसानं तिचं पत्र वाचलं. त्याच्या लक्षात आलं की कंपनीनं शेवटच्या करारापासूनच तिची नोकरी मोजली आहे. प्रत्यक्षात २०२२च्या ऑक्टोबरपासून एकामागून एक करार चालू होते, मधे खंड नव्हता. म्हणजे नोकरी दोन वर्षांवर झाली होती. नोटीस एक आठवड्याची नव्हे, दोन आठवड्यांची हवी, आणि वर कायद्यानं थोडी भरपाईही. दोन ओळींचं पत्र गेलं आणि कंपनीनं मुकाट्यानं दुरुस्ती केली. एक आठवडा वाढला. आपल्याला आठवड्याचं काय वाटेल! पण तिच्या साठ दिवसांचं घड्याळ एक आठवडा उशिरा सुरू झालं.

मी तिला म्हटलं, "युनियनची तू भर. संस्थेची मी भरतो." उत्पन्न कमी असेल तर तिथे वर्गणीही कमी असते, रुपयांत फार होणार नव्हती. तर म्हणाली, "नको आबा. मलाच ठरवू दे." आमच्या घराण्याचा हट्टीपणा, दुसरं काय. मी तिला इतकंच सांगितलं की परक्या मुलखात तुझ्या कामावर कुणाचा तरी शिक्का असणं वाईट नाही, अर्ज वाचणारा आधी तो बघेल. शिक्क्याचा मोह मला अजून आहे हे तिनं ओळखलं असणार.

पुढचे दोन महिने घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. भाऊ रोज सकाळी कॅलेंडरवर रेघ मारायचा. नातीनं एकोणीस अर्ज केले. परवाना नसलेल्या कंपन्यांनी कळवलं की तुमचं काम आवडलं पण. परवाना असलेल्यांनी काही कळवलंच नाही. एकदा तर तिनं पुण्याच्या विमानाचं तिकीटही बघून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मार्चच्या शेवटी, बावन्नाव्या दिवशी, भर दुपारी फोन आला. मी झोपलो होतो. "आबा, पत्र आलं. लिंकनशायर. सोमवारपासून." मी विचारलं, "किती महिन्यांचं?" म्हणाली, "वर्षाचं. आणि गुडघ्यांचे पॅड नवे घेतले."

संस्थेची वर्गणी भरलीस का, ते विचारायचं राहूनच गेलं. आपण होऊन तीच म्हणाली, "भरली. पण त्यांना एक पत्रही लिहिलंय, दोन पानी. करार मोजण्याबद्दल. मराठीत करून पाठवते तुम्हाला, बघा."

अजून आलेलं नाही. आलं की इथे देईन.